‘ट्राइब’ : टोळी, जमात की मेळा?

प्रश्न

न्यू जर्सीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेने केलेल्या ‘हेअर’ या म्युझिकलमध्ये मी नुकतेच काम केले. पुण्याहून आईने फोनवर विचारले, ‘‘तुझं काम कसलं रे?’’ ‘‘कोरसमध्ये आहे,’’ असे मी सांगून टाकले आणि फोन ठेवल्यावर आपण चुकीचा शब्द वापरला अशी रुखरुख लागून राहिली. या नाटकात क्लॉड, बर्जर, शीला ही मुख्य पात्रे धरून रंगमंचावरच्या सगळ्यांना मिळून ‘ट्राइब’ म्हणतात; १९६८ साली ब्रॉडवेवर आलेल्या या नाटकाच्या उपशीर्षकातच ‘ट्रायबल’ हा शब्द आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात घर सोडून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर एकत्र राहणारी ही लांब केसांची मुले आहेत. क्लॉडला सक्तीच्या लष्करभरतीचा हुकूम आलेला आहे. बाकीची मुले आपापली भरतीची कार्डे जाळतात, त्याची पाळी येते तेव्हा मात्र तो हात मागे घेतो. असे कार्ड जाळणे १९६५ पासून गुन्हा होता, हे ध्यानात ठेवले की त्या एका क्षणी सगळा समूह श्वास रोखून का उभा राहतो ते कळते.

आमच्या पहिल्या तालमीत दिग्दर्शकांनी संहिता बाजूला ठेवायला लावली आणि एकेकाला डोळे मिटून मागे पडायला सांगितले. बाकीच्यांनी त्याला झेलून, डोक्यावरून हातोहात पलीकडे न्यायचे होते. माझी पाळी आली तेव्हा पाठीखालचे हात मला मोजता येत होते, पण ते कोणाचे आहेत हे ओळखता येत नव्हते. पुढे प्रयोगात अनवाणी, सर्वांच्या नजरेसमोर, जवळजवळ पूर्ण वेळ मंचावर असताना मला तेच हात आठवत राहिले. या समूहाला मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद

कोशात ‘जमात’ आणि ‘टोळी’ हे दोन्ही शब्द मिळतील, पण दोन्ही इथे अडतात. ‘जमात’ म्हटले की आज ‘अनुसूचित जमाती’ हा कायद्यातला अर्थ आधी उभा राहतो, शिवाय जमातीत माणूस जन्माला येतो. ‘टोळी’ला चोर-दरोडेखोरांचा वास आहे असे म्हणतात, तो आक्षेप मला पुरता मान्य नाही, कारण ऊसतोडणी कामगारांचीही टोळीच असते आणि तिथे तो शब्द कष्टाचा आहे. मात्र त्या टोळीवर मुकादम असतो. तुमच्या समूहावर कोणी मुकादम दिसत नाही.

प्रतिसाद

‘गोतावळा’ सुचवावासा वाटतो. शब्दात ऊब आहे. ‘गोत’ मात्र गोत्रातून आलेले, म्हणजे रक्ताचे, आणि ही मुले तर रक्ताची घरे सोडून आलेली आहेत. त्यापेक्षा ‘सोयरे’ जवळचा ठरेल. भाऊबंद जन्माने मिळतात, सोयरीक जुळवावी लागते. हा भेद मराठीने फार नेमका राखला आहे. अडचण एवढीच की ‘सोयरे’ या शब्दातून नाते कळते, एकत्र गाणारा संच डोळ्यांसमोर येत नाही.

प्रतिसाद

मग ‘मेळा’ का नको? लोकमान्यांच्या काळापासून गणेशोत्सवात मेळे निघत. तरुण मुले एकसारखा वेष करून, रस्त्यावर आणि मंडपात, चालू काळावर झोंबणारी पदे म्हणत, आणि ती झोंबली म्हणूनच इंग्रज सरकारने त्यांच्यावर बंधने आणली. ‘हेअर’लाही सरकारी कात्रीचा इतिहास आहे : लंडनमध्ये नाटकांची सरकारी पूर्वतपासणी सप्टेंबर १९६८ मध्ये रद्द झाली आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ सप्टेंबरला, शाफ्ट्सबरी थिएटरात याचा पहिला प्रयोग झाला. शिवाय १४ जानेवारी १९६७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये हिप्पींचा जो प्रसिद्ध ‘बी-इन’ भरला, त्याची जाहिरातच ‘ट्राइब्ज’नी एकत्र जमावे अशा शब्दांत झाली होती. ‘सिट-इन’ला आपण ‘ठिय्या’ म्हणतो; ‘बी-इन’मध्ये मात्र मागणी नव्हती, नुसते एकत्र असणे होते. जमणाऱ्यांना आणि जमण्याला एकच शब्द चालावा, ही सोय ‘मेळा’ देतो. ‘मेळावा’ मात्र म्हणू नये, तो आता पक्षांचा आणि नोकरभरतीचा झाला आहे.

प्रश्नकर्ता

‘मेळा’ मला पटला, एका शंकेसह. आजच्या मुलांच्या कानाला तो शब्द कुंभमेळ्यातूनच ओळखीचा आहे, म्हणून नाटकाविषयी लिहिताना पहिल्यांदा ‘गाणाऱ्यांचा मेळा’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘मेळा’. उपशीर्षकातला मूळ शब्द आहे तसाच ठेवावा, कारण त्या पिढीने तो अमेरिकेतल्या मूळनिवासींकडून, त्यांना न विचारता, उचलला होता, आणि भाषांतरात तो ओरखडा पुसून टाकणे मला बरोबर वाटत नाही.

काल आईला पुन्हा फोन करून सांगितले की मी कोरसमध्ये नाही, मेळ्यात आहे. लहानपणी तिने पुण्यात मेळे पाहिलेले आहेत. तिने लगेच विचारले, ‘‘मग पदं कोणी केली?’’ जेरोम रॅग्नी आणि जेम्स राडो या दोन नटांनी ती लिहिली, गाल्ट मॅकडरमॉट यांनी त्यांना चाली लावल्या, आणि ब्रॉडवेवर बर्जर आणि क्लॉड या लिहिणाऱ्या दोघांनीच उभे केले, असे मी सांगितले. ‘‘असंच असायचं,’’ ती म्हणाली.