हाताने काढलेल्या ३८४ चित्रांची फिल्म: पूल थरथरतो, उजेड लुकलुकतो, आवाज जुळत नाही

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार मंडळी. शाळेतल्या मुलांनी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी चढत जातं एवढ्याच विषयावर ३८४ चित्रं काढली आहेत. आडवा ए-४, ७५ जीएसएमचा झेरॉक्सचा कागद, एचबी पेन्सिल. खालच्या लांब कडेला ऑफिसच्या पंचने दोन भोकं पाडली आणि पट्टीवरच्या दोन खुंट्यांत कागद अडकवून लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या काचेवर) चित्रं काढली. मग टेबलावर चिकटपट्टीने एक कोपरा आखला, त्यात एकेक कागद बसवून मोबाइलने फोटो घेतले आणि मोबाइलमधल्याच ॲपवर जोडले.

पूल जागेवर राहत नाही, उजेड लुकलुकतो आणि ३२ सेकंदांचा आवाज संपला तरी चित्र चालूच राहतं. ॲपमधलं स्टॅबिलायझेशन (हलणारं चित्र आपोआप स्थिर करणारी सोय) लावलं तर पाण्याबरोबर अख्खी चौकटच हेलकावे खायला लागली. सगळं पुन्हा काढावं लागणार का?

पेगबार

पुन्हा काढू नका. स्टॅबिलायझेशनही काढून टाका, ते हलणाऱ्या पाण्यालाच धरून बसतंय.

कागद खुंट्यांवर लावून काढलेत ना? मग चित्राची जागा भोकांशी बांधलेली आहे, कागदाच्या कडेशी तिचा काही संबंध नाही. पंच करताना गठ्ठा मिलिमीटरभर सरकला असेल तर प्रत्येक कागदाची कड भोकापासून वेगळ्या अंतरावर असणार. त्याने चित्राचं काही बिघडत नाही. पण फोटो घेताना तुम्ही कड जुळवलीत, त्यामुळे तो सगळा फरक पडद्यावर आला. चित्राची चौकट २७२ मिमी रुंद धरली तर १९२० पिक्सेलांच्या फिल्ममध्ये १ मिमी म्हणजे ७ पिक्सेल. पूल नाचणारच.

साधा ए-४ स्कॅनर घ्या, आपोआप कागद ओढणारा नको. तो प्रत्येक कागद थोडा तिरका ओढतो. काचेच्या लांब बाजूला, काचेच्या बाहेर, स्कॅनरच्या चौकटीवर खुंट्यांची पट्टी दुतोंडी टेपने चिकटवा. चित्र काढायची पट्टी निघत नसेल तर नवी करा: साध्या पंचची भोकं साधारण ६ मिमीची आणि दोन मध्यांतलं अंतर ८० मिमी. पण मोजत बसण्यापेक्षा त्याच पंचने एक जाड कार्ड पंच करा, त्यातून ६ मिमीच्या लाकडी दांडीचे दोन तुकडे घाला आणि कार्डासकट पट्टीवर चिकटवा. घट्ट होत असेल तर पॉलिशपेपरने घासा. कागद जोर न लावता बसला पाहिजे, पण बसल्यावर खुळखुळता कामा नये. (मिरजेत सतारीच्या खुंट्या घडवणाऱ्यांपर्यंत जायची गरज नाही!) उंची ४-५ मिमीच ठेवा, नाहीतर झाकण बसत नाही. फाटलेल्या भोकांना मागून गोल रिंग-स्टिकर लावा.

कागद पालथा घालायचा. २०० डीपीआय (इंचाला २०० ठिपके) पुरे; २७२×१५३ मिमीच्या चौकटीला त्यात साधारण २१४२×१२०५ पिक्सेल मिळतात. ग्रेस्केल (करड्या छटांत), फाइल पीएनजी. ऑटो-क्रॉप, ऑटो-टोन, शार्पनिंग सगळं बंद. ऑटो-क्रॉप चालू राहिलं तर खुंट्यांची सगळी मेहनत वाया, कारण प्रत्येक फाइल वेगळ्या जागी कापली जाते. एका कागदाला २० सेकंद धरले तर दोन तासांहून थोडं जास्त काम. पावसाळी हवेत कागद फुगतो आणि कोपऱ्यांकडे रेघ सरकते, म्हणून एका शॉटचे सगळे कागद एकाच बैठकीत उरका.

कंदील, सातारा

स्कॅनर नसेल तर मोबाइलवरही होतं, फक्त पट्टी कॅमेऱ्याखाली टेबलाला चिकटवा आणि कागदावर साधी काच ठेवा. लुकलुकण्याचं कारण ऑटो एक्सपोजर: पाणी चढलं, पेन्सिल वाढली की कॅमेरा चित्र उजळ करतो. प्रो मोडमध्ये आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स, फोकस चारही ठरवून टाका. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर पट्टे येत नाहीत. खिडकी बंद, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे. मोबाइलला हात लावू नका, तारेच्या इअरफोनचं आवाजाचं बटण बहुतेक फोनमध्ये शटर म्हणून चालतं.

नंतर लेव्हल्स (काळं-पांढरं किती गडद ते) करताना एका चित्रावर आकडे ठरवून तेच सगळ्यांना लावा. ऑटो लेव्हल्स लावलं की लुकलुक परत हजर.

एक्सशीट

आवाजाचं गणित सरळ आहे. ३८४ चित्रं सेकंदाला १२ ने चालवली तर बरोबर ३२ सेकंद. तुमच्या ॲपमध्ये एका चित्राला कमीत कमी ०.१ सेकंद असणार, म्हणजे सेकंदाला १०, म्हणून ३८.४ सेकंद झाले.

फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची करा आणि प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरा. ३० ची करू नका. १२ ने ३० ला भाग जात नाही, एक चित्र दोन फ्रेम, पुढचं तीन, असं अडखळतं. क्रिटा या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इम्पोर्ट ॲनिमेशन फ्रेम्स’ आहे, तिथे स्टेप २ द्या. १९२०×१०८० चं एक रंगीत चित्र मेमरीत साधारण ८ एमबी घेतं, ३८४ म्हणजे ३ जीबीच्या वर. ४ जीबीचा लॅपटॉप मान टाकेल, तेव्हा ४८-४८ चे शॉट पाडा. फाइलींना ०००१, ०००२ असेच चार अंकी नंबर द्या, नाहीतर १ नंतर १० आणि १०० येऊन बसतात.

शेवटची फाइल एमपी४, एच.२६४, पिक्सेल फॉरमॅट (रंग साठवायची पद्धत) ४:२:०. एफएफएमपेगला (व्हिडिओ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला) रंगीत पीएनजी दिल्या आणि हे सांगितलं नाही तर तो ४:४:४ करतो, ती फाइल कॉम्प्युटरवर चालते आणि पेनड्राइव्हने टीव्हीवर लावली तर बहुतेक वेळा चालत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून.

आणखी एक. पूल प्रत्येक कागदावर पुन्हा गिरवलाय, त्यामुळे जुळवल्यावरही रेघ थोडी उकळत, म्हणजे बारीक थरथरत राहील. मला तरी ती आवडते. पण पुलावरच्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्टीचे आकडे, ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, हे एकाच चांगल्या कागदावरून घेऊन स्थिर ठेवा आणि बाकी चित्रांत तेवढी जागा पांढरी करून टाका. थरथरणारे आकडे वाचता येत नाहीत.

कृष्णाकाठ, सांगली

पट्टी स्कॅनरला लावली. एकच कागद काढून-घालून पाच वेळा स्कॅन केला आणि पाचही लागोपाठ चालवले. आधीच्या मानाने खूपच स्थिर, पण पूल दोन-तीन पिक्सेल एकाच दिशेला, पट्टीपासून लांब सरकतो. दर वेळी नाही.

पेगबार

पट्टी बिजागरीच्या समोरच्या बाजूला लावलीत वाटतं. झाकण खाली येताना कागदाला बिजागरीकडे ओढतं आणि भोकात जेवढी ढील आहे तेवढा कागद सरकतो. झाकण उघडंच ठेवा, कागदावर काचेच्या मापाचा हार्डबोर्ड सरळ वरून ठेवा, त्यावर एखादी जाड वही. शिवाय स्कॅनरची चौकट काचेपेक्षा एक-दोन मिमी उंच असते, तिथे कागद वाकून उचलला जातो. पट्टी शक्य तितकी पातळ घ्या. मग तीच पाच स्कॅनची चाचणी परत करा. एका पिक्सेलच्या आत आलं की ३८४ सुरू करा.