पॉवर चालू केली की थर्मोकपल उडी मारतो: हायपरथर्मियात कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?

तपनबिंदू:
जाणकारांचा सल्ला हवा आहे. त्वचेलगतच्या गाठींसाठी असलेल्या हायपरथर्मिया (कर्करोगाची गाठ तापवण्याचा उपचार) अ‍ॅप्लिकेटरची चाचणी आगर फँटमवर (ऊतीऐवजी वापरायचा आगरचा नमुना) चालू आहे. वारंवारता 434 मेगाहर्ट्झ, पॉवर 60 वॅट, मध्ये पाण्याची पिशवी (वॉटर बोलस), पाणी 38 अंश सेल्सिअस. फँटममध्ये 2 सेंमी खोल के-टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमापक), स्टीलच्या म्यानासकट दीड मिमी जाड. पॉवर दिली की सेकंदाभरात आकडा 2.6 अंशांनी चढतो. बंद केली की त्यातला बराचसा भाग तत्क्षणी उतरतो, उरलेला दहा-पंधरा सेकंदांत ओसरतो. यातलं खरं तापमान कुठलं? फायबर ऑप्टिक प्रोब येईपर्यंत यावर निभावेल का? आणि पुढे रुग्णाच्या गाठीत किती ठिकाणी मोजावं लागतं?

सूक्ष्मव्होल्ट:
आधी साधा हिशेब करा. 60 वॅट सगळेच्या सगळे अ‍ॅप्लिकेटरखालच्या 300 ग्रॅम आगरमध्ये गेले असं धरलं तरी 200 वॅट प्रतिकिलो होतात. पाणीदार आगरची विशिष्ट उष्मा किलोमागे दर अंशाला सुमारे 4000 ज्यूल, म्हणजे तापमान सेकंदाला 0.05 अंश चढेल. तुमची उडी त्याच्या पन्नासपट आहे. ती उष्णता फँटममधली नाहीच.

दोन वेगळे दोष एकत्र दिसत आहेत. तत्क्षणी येणारा-जाणारा भाग इलेक्ट्रॉनिक्सचा. के-टाइप अंशाला सुमारे 41 मायक्रोव्होल्ट देतो, म्हणजे तुमची पूर्ण उडी जेमतेम 107 मायक्रोव्होल्टची. तार अँटेनासारखी आरएफ (रेडिओ लहरी) गोळा करते, अ‍ॅम्प्लिफायरच्या इनपुटला ती रेक्टिफाय (एकदिश) होते आणि तेवढा डीसी व्होल्टेज सहज उभा राहतो. हळू ओसरणारा भाग म्यानाचा: धातूत प्रवाह वाहून म्यान आणि त्याला चिकटलेलं आगर स्वतः तापतं. हा दोष जास्त फसवा, कारण तिथे खरोखरच तापलेलं असतं, फक्त ते प्रोबने तापवलेलं असतं.

खात्री करायची तर प्रोब त्याच खोलीवर ठेवून अ‍ॅप्लिकेटर 90 अंशांत फिरवा. तार विद्युतक्षेत्राला समांतर असताना उडी मोठी आणि काटकोनात असताना लहान आली, तर निदान पक्कं. मग तार कायम काटकोनातच ठेवा, जोडीला पीळ द्या, लॉगर बॅटरीवर चालवा, इनपुटला फिल्टर आणि फेराइट लावा. स्टीलचं म्यान काढून 0.1 मिमीच्या आसपासची इन्सुलेटेड तार बारीक टेफ्लॉन नळीत घाला. टी-टाइप (तांबं आणि कॉन्स्टंटन या मिश्रधातूची जोडी) घेणार असाल तर त्यातलं तांबं उष्णता फार वाहून नेतं. तांब्याची उष्णतावाहकता 400 वॅट प्रति मीटर प्रति अंशाच्या घरात, कॉन्स्टंटनची साधारण 20. म्हणून या कामात मँगॅनिन-कॉन्स्टंटन जोडी पसंत करतात.

आणि पॉवर चालू असतानाचं वाचन वापरूच नका. पॉवर बंद करा, पहिली काही सेकंद सोडा, म्यानाची उष्णता ओसरल्यावरची रेषा मागे वाढवून पॉवर बंद केल्याच्या क्षणाचं तापमान काढा. फँटममध्ये हे छान जमतं. जिवंत ऊतीत रक्तप्रवाह भराभर थंडावा आणतो, तिथे ही वाट पाहणंच चूक वाढवतं.

काचतंतू:
वरच्याशी पूर्ण सहमत. फायबरबद्दल भर घालतो. गॅलियम आर्सेनाइडचा स्फटिक असलेला प्रोब घेतलात तर त्यात धातू नाही, आरएफचा प्रश्न मिटला. पण त्यातही चुका होतात, फक्त त्या शांतपणे होतात. कनेक्टरच्या टोकाला बोटाचं तेल लागलं तरी सिग्नल पडतो. प्रत्येक जोडणीआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तीव्र बाक देऊ नका.

सगळ्यात जास्त चूक कॅथेटरमध्ये होते. निर्जंतुक, बंद टोकाचं कॅथेटर गाठीत जातं आणि प्रोब त्याच्या आत सरकतो. नळी सैल असेल तर मधली हवा प्रोबला ऊतीपासून तोडते, आकडा उशिरा येतो. प्रोब सरकवल्यावर आकडा स्थिरावेपर्यंत थांबा, मगच नोंदवा.

कॅलिब्रेशन दर सत्राच्या दिवशी, ढवळत्या पाण्याच्या टाकीत, 37, 41 आणि 45 अंशांवर, प्रमाणित थर्मामीटरच्या शेजारी. सगळे प्रोब एकत्र बांधून बुडवा, म्हणजे आपसातला फरकही दिसतो. कुठलाही प्रोब 0.2 अंशाहून जास्त हटला तर तो त्या दिवशी बाजूला. गॅलियमचा वितळणबिंदू 29.76 अंश आहे, गॅलियम भरलेला संदर्भ-सेल मिळाला तर एक बिंदू थर्मामीटरच्या भरवशावर राहत नाही.

तिसरी_गाठ:
किती ठिकाणी, याचं उत्तर डोसच्या हिशेबातून येतं. 43 अंशांच्या समतुल्य मिनिटांत डोस मोजतात: 43 च्या वर दर अंशाला दुप्पट, खाली दर अंशाला चौथाई. प्रोब 43 दाखवतोय आणि खरं तापमान 41.5 आहे, तर 60 मिनिटांचा डोस प्रत्यक्षात साडेसात मिनिटांचा ठरतो. दीड अंशात एवढं जातं!

म्हणून सरासरी पुरत नाही. अहवालात टी-90 लिहा, म्हणजे मोजलेल्या 90 टक्के बिंदूंनी निदान जे तापमान गाठलं ते. थंड कोपरा हाच उपचाराचा कमकुवत कोपरा, आणि तो बहुधा मोठ्या रक्तवाहिनीजवळ किंवा गाठीच्या कडेला सापडतो. गाठीच्या मधोमध एकच प्रोब ठेवला तर आकडा सुंदर येतो आणि कड उपाशी राहते. माझ्या मते एक कॅथेटर गाठीच्या आरपार, कडेपासून कडेपर्यंत हवं, त्यात बहुबिंदू प्रोब किंवा दर 1 सेंमीला सरकवून मोजणी. अमेरिकेतल्या आरटीओजी या किरणोपचार संशोधन गटाच्या 81-04 चाचणीत एकंदरीत फायदा दिसला नाही, पण 3 सेंमीपेक्षा लहान गाठींत दिसला. मोठ्या गाठी नीट तापल्याच नव्हत्या.

त्वचेवर वेगळे प्रोब लावा, विशेषतः जुन्या व्रणावर आणि हाडाच्या उंचवट्यावर. बोलसखालचा प्रोब निम्मं पाण्याचंही तापमान सांगतो, म्हणून तो आकडा त्वचेच्या खऱ्या तापमानापेक्षा कमी समजा. रुग्णाला "कुठे टोचल्यासारखं, भाजल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा" हे सांगाच. मात्र स्तन काढल्यानंतर छातीची त्वचा बऱ्याचदा बधिर असते. तिथे रुग्ण गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं धरलं की फोड येतात. बधिर भाग सत्राआधी कापसाने तपासून स्केच पेनने आखा आणि निदान एक प्रोब त्या रेघेच्या आत लावा.

तपनबिंदू:
फिरवून पाहिलं. काटकोनात उडी 0.4 वर आली. सर्वांचे आभार. एक शेवटचं: इन्फ्रारेड कॅमेऱ्याने फँटमचा छेद बघितला तर चालेल?

सूक्ष्मव्होल्ट:
चालेल, पण फँटम आधीच दोन भागांत कापलेला हवा, मध्ये पातळ प्लास्टिकचा कागद. जास्त पॉवर थोडा वेळ द्या, बंद करताच उघडा, पहिल्या काही सेकंदांतच फोटो घ्या. उशीर झाला की उष्णता पसरून चित्र गुळगुळीत दिसतं. छेद विद्युतक्षेत्राला समांतर असू द्या, नाहीतर प्लास्टिकचा कागदच क्षेत्र बिघडवतो. रुग्णावर मात्र कॅमेरा फक्त पृष्ठभाग दाखवतो, आणि बोलस असताना तोही नाही.