डॉकिंगचा स्कोअर आणि जीवाणूचा पंप

डॉकिंग म्हणजे एखादा रेणू जीवाणूच्या प्रथिनाला किती घट्ट धरेल याचा संगणकाने काढलेला अंदाज; स्कोअर जितका जास्त उणे, तितकी पकड घट्ट. वनस्पतीतल्या रुटिनचा डॉकिंग स्कोअर उणे ९ आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा उणे ७ आला, म्हणजे वनस्पतीतला रेणू सरस, असा एक दावा वाचला. मला ही उडी फार मोठी वाटते. ‘ऑटोडॉक विना’ या डॉकिंगच्या सॉफ्टवेअरचा अंदाज सुमारे २.८५ किलोकॅलरी प्रति मोलने चुकतो, हे तो बनवणाऱ्यांनीच नोंदवलंय. दोनाचा फरक त्यातच बुडाला. शिवाय रेणू मोठा असला की स्कोअर आपोआप फुगतो: रुटिनचा रेणुभार ६१०, सिप्रोचा ३३१.

पेनिसिलिनशी तुलना करायची तर आणखीच पंचाईत. ते जीवाणूच्या प्रथिनातल्या सेरीन या अमिनो आम्लाला सहसंयुज (पक्क्या रासायनिक) बंधाने कायमचं चिकटतं. साधं डॉकिंग हा बंध मोजतच नाही, त्यामुळे पेनिसिलिन उगाच दुबळं दिसतं.

आणि जीवाणूच्या पेशीत शिरून तिथे टिकायचं कसं? दारुहळदीतलं बर्बेरीन घ्या. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू ते नॉरए नावाच्या पंपाने बाहेर फेकतो. पण बर्बेरिसच्याच काही जातींत ५'-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन हे आणखी एक संयुग सापडलं. एकटं असताना ते जीवाणूला जवळजवळ काहीच करत नाही, पण हा पंप अडवतं आणि मग बर्बेरीन आत टिकतं. झाडाने केलेली ही जोडी मला कुठल्याही स्कोअरपेक्षा मोलाची वाटते! जीवाणू मारणाऱ्या रेणूंच्या स्कोअरच्या यादीवरून असा मदतनीस ओळखताच आला नसता.

म्हणून पुढची मॉडेल्स नॉरएसारख्या पंपांवरही चालवून बघा, आणि निवडलेली संयुगं अँटिबायोटिकसोबत मिसळून त्याची किमान रोधक मात्रा (जीवाणूची वाढ थांबवणारं सर्वांत कमी प्रमाण) किती खाली येते ते प्रयोगशाळेत मोजा.