अर्धपुतळ्याच्या चेहऱ्यावर एअरब्रशचा रंग पिठासारखा का बसतो?

प्रश्न
१:१० प्रमाणातील रेझिनचा अर्धपुतळा रंगवत आहे. चेहरा सुरकुतलेल्या वृद्धाचा आहे. साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन खालून काळा आणि वरून तिरका पांढरा प्रायमर (रंग धरून ठेवणारा पहिला थर) मारला. त्यावर त्वचेचा मूळ रंगही नीट बसला. मात्र कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालफडे उजळण्यासाठी त्याच रंगात पांढरा मिसळून एअरब्रशच्या (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनसारख्या साधनाच्या) ०.३ मिमी नोझलने, २५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबावर फवारला, तेव्हा तेवढ्या जागा पीठ भुरभुरल्यासारख्या दिसू लागल्या आणि हाताला खरखरीत लागतात. शिवाय दर दोन-तीन मिनिटांनी फवारा अडतो व मग एकदम थेंब उडतो. सगळा रंग काढून टाकावा का?

पहिले उत्तर
घाई करू नका. आपला रंग पुतळ्यापर्यंत पोहोचण्याआधी हवेतच वाळत आहे आणि वाळलेले कण पृष्ठभागावर चिकटत आहेत. दाब १५ पीएसआयच्या आसपास आणा, चेहऱ्यासाठी नोझल चार-पाच सेंटिमीटरवर धरा आणि रंग दुधाइतका पातळ करा. एअरब्रशच्या रंगाच्या कपाच्या आतल्या भिंतीवर कुंचल्याने रंग वर ओढून पाहावा. तो पातळ पडदा मागे ठेवून सावकाश खाली उतरला, तर योग्य. फार पातळ झाल्यास किंवा नोझल फार जवळ गेल्यास कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटतात, म्हणून पहिला फवारा नेहमी कागदावर घ्यावा.

फवारा अडतो तो सुईच्या टोकावर वाळलेल्या रंगामुळे. रंगात रिटार्डरचा (रंगाचे वाळणे लांबवणाऱ्या द्रवाचा) एखादा थेंब घाला, अधूनमधून ओल्या कुंचल्याने टोक पुसा आणि कळ दाबताना आधी हवा, मग रंग हा क्रम पाळा. थांबताना आधी रंग बंद करावा, हवा शेवटी.

दुसरे उत्तर
वरील निदान मान्य आहे, पण निम्मा दोष पांढऱ्या रंगाचाही आहे. पांढरा मिसळला की त्वचा उजळण्याबरोबर थंडही होते आणि चेहरा खडूने माखल्यासारखा दिसतो. त्याऐवजी हस्तिदंती किंवा पिवळसर फिकट छटा वापरून पाहा.

माझे स्पष्ट मत असे की, एअरब्रशने चेहरा पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. त्याने मोठे उतार उत्तम साधतात. सुरकुतीची कड मात्र कुंचल्यानेच उचलावी लागते. नाक, गाल आणि कानांच्या पाळ्यांवर लालसर ग्लेझ (खालचा रंग दिसू देणारा अगदी पातळ थर) द्या, हनुवटी व जबड्यावर किंचित निळसर करडा. ग्लेझ देताना कुंचला आधी टिपकागदावर पुसून घ्या, आणि जिथे रंग सर्वांत गडद हवा तिथे फटकारा संपवा, कारण रंगद्रव्य फटकाऱ्याच्या शेवटी साचते. थर वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. अर्धवट ओल्या थरावर कुंचला फिरवला की खालचा रंग सोलून निघतो. (हे मी एका भुवईची वाट लावून शिकलो आहे.)

तिसरे उत्तर
थोडी भर घालतो. रंग पाण्याचा असला तरी त्याचे तुषार फुप्फुसात जाऊ नयेत, म्हणून श्वसन-मास्क वापरा. खरखरीत भाग एक दिवस वाळू द्या, मग अत्यंत बारीक पॉलिशपेपर ओला करून अगदी हलक्या हाताने फिरवा. सुरकुत्यांच्या खाचा रंगाने बुजल्या असतील, तरच रंग काढावा.

प्रश्नकर्ता
दाब १५ पीएसआयवर आणून, हस्तिदंती छटा पातळ करून कपाळावर तीन थर दिले. आता खरखर नाही. गालफडे घासताना एका ठिकाणी प्रायमर उघडा पडला आहे, पण तो नेमका गालाच्या खळगीत आहे, त्यामुळे तिथे लालसर ग्लेझ देऊन भागेल असे दिसते. डोळे अजून राहिले आहेत. त्यांना एअरब्रश लावणार नाही.