सल्ला हवा: भाच्यासोबत जपान, गॉडझिलाच्या मागावर

बोरकूट
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीला जोडून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाच्याला घेऊन जपानला चाललेय. भाचा नववीत. फुजी, क्योटो, बुलेट ट्रेन वगैरे सगळं त्याला 'हां, चालेल' आहे. साहेबांना हवाय गॉडझिला, तोही हॉलिवूडचा नाही, तोहो स्टुडिओचा, आत माणूस असलेला रबरी. १९५४ चा कृष्णधवल त्याने इतक्यांदा लावलाय की पार्श्वसंगीत आता मलाही पाठ आहे. मॉथ्रा, रोडान, गामेरा हे पडद्यावरचे राक्षस सगळे नातेवाईक असल्यासारखे घरात वावरतात. 'आत्या, शूटिंग जिथे झालं तिथे जायचं', एवढीच मागणी.

नेटवर याद्या भरपूर आहेत, पण त्यातल्या निम्म्या जागी आता मॉल आहेत आणि उरलेल्या जागी नुसते पुतळे. मुक्काम टोकियोत, बाहेर एखाद-दोन रात्री जमतील. मी शाकाहारी (अंडं चालतं), तो सगळं खातो. कुठे जाणं खरंच वसूल होईल आणि काय सरळ गाळावं?

तळपती_इस्त्री
शिंजुकूत काबुकिचोला तोहोच्या इमारतीवर गॉडझिलाचं डोकं आहे. खालून रस्त्यावरूनच दिसतं, ठरलेल्या वेळी डरकाळी फोडतं. फोटो काढा, मुलगा खूश. त्यासाठी लांब कुठे कशाला तंगडतोड?

निशिकासाईकर
बोरकूटताई, आधी एक गोष्ट भाच्याशी बोलून घ्या, म्हणजे तिथे गेल्यावर तोंड पडणार नाही. या सिनेमांत 'लोकेशन' दोन जातींची असतात. एक, जिथे खरोखर कॅमेरा लागला आणि नट उभे राहिले. दुसरी, जी पडद्यावर तुडवली गेली. या दुसऱ्या प्रकारातलं बहुतेक सगळं तोहोच्या सेइजोमधल्या स्टुडिओत लाकूड, प्लास्टर आणि काचेचं बांधलं होतं. गॉडझिला ५० मीटर उंच ठरवला, शहर १:२५ मापाचं केलं, म्हणजे सूट आला दोन मीटरचा आणि त्यात हारुओ नाकाजिमा घामाने न्हाऊन चालायचे. तोडफोडीची दृश्यं घेणारे एइजी त्सुबुराया कॅमेऱ्यातली फिल्म जास्त वेगाने पळवायचे, म्हणून पडणारी इमारत पडद्यावर जड वाटते. तेव्हा टोकियोतल्या गिंझाच्या फरसबंदीवर त्याचं पाऊल शोधू नका, ते सेइजोच्या मंडपातच राहिलं.

तरी गिंझापासूनच सुरुवात करा असं मी म्हणेन. योन-चोमेच्या चौकात वाकोची इमारत आहे, १९३२ ची, युद्धातल्या बॉम्बवर्षावातून वाचलेली. वरचं घड्याळ आजही तासाला टोले देतं. सिनेमात हेच टोले पडतात आणि गॉडझिला बिथरून मनोरा उडवतो. तासाला पाच मिनिटं कमी असताना समोरच्या कोपऱ्यावर उभे राहा. शनिवार-रविवार दुपारी तो रस्ता गाड्यांना बंद असतो, मधोमध उभं राहून वर बघता येतं. आधी सुरावट वाजते, मग टोले, आणि आजूबाजूचे लोक खरेदीच्या पिशव्या घेऊन निवांत चालत असतात. (मनोरा पाडल्यामुळे दुकानाचे मालक इतके नाराज झाले की तोहोला पुढे तिथे शूटिंग करू दिलं नाही, असं सांगतात.)

तिथून युराकुचो चालत पाच-सात मिनिटं. शेपटीच्या फटक्याने फुटलेलं निचिगेकी थिएटर १९८१ मध्ये पाडलं, त्या जागी युराकुचो मुलियन (दुकानं-थिएटरांचं संकुल) उभं राहिलं. १९८४ ला मुलियन उघडलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या नव्या गॉडझिलाने तेही फोडलं! एकाच पत्त्यावर तीस वर्षांनी दुसऱ्यांदा. भाच्याला हे आवडेल. तीन मुलांच्या आईचं ते दृश्य आठवत असेल तर मात्सुझाकाया दुकानाच्या जागी आता गिंझा सिक्स आहे. आई पोरांना जवळ घेऊन 'आता बाबांकडेच जायचं' म्हणते ना, ते. तिथे बघण्यासारखं काही उरलं नाही, जाता जाता फक्त दाखवा.

रात्रपाळी
काचिदोकी पूल राहिला की! परतीच्या वाटेवर सुमिदा नदीत गॉडझिला जो उलथवतो तो. पूल १९४० चा, मधून उघडणारा, आणि १९५४ मध्ये जहाजांसाठी खरोखर रोज उघडत होता. १९७० नंतर मात्र कधीच उघडला नाही. शेजारी छोटं फुकट संग्रहालय आहे, उघडझाप करणारी यंत्रं तिथे बघायला मिळतात. आठवड्याचे काही दिवस बंद असतं, तेवढं बघून जा. मला तर गिंझापेक्षा हेच जास्त भिडलं. लोखंड तेच, रिव्हेट त्याच, हात लावता येतो.

तळपती_इस्त्री
म्हणजे पडद्यावर दिसलेला पूल खेळण्यातला आणि हात लावायचा खऱ्याला. मग लोकेशन नक्की कुठलं? भक्तांचं काही खरं नाही :)

रात्रपाळी
इस्त्रीराव, सिनेमा आला ते साल बघा. १९४५ च्या मार्चमध्ये हेच शहर जळालं होतं. नऊ वर्षांनी थिएटरात बसलेल्या माणसाने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. ज्या घड्याळाखाली तो रोज भेटीगाठी ठरवायचा ते पडताना बघून त्याच्या पोटात काय कालवलं असेल? ओळखीचं शहर पडद्यावर पाडायचं, हाच तर त्या सिनेमाचा डाव. म्हणून मी पूल, घड्याळ, संसद सगळं लोकेशनच धरतो. संसदेत कामाच्या दिवशी आतून फेरीही असते, फुकट.

निशिकासाईकर
रात्रपाळींशी सहमत. म्हणूनच माझी सगळ्यात वरची शिफारस अशा जागेची, जिथे गॉडझिला नाहीच. युमेनोशिमा बागेतली 'दाइगो फुकुर्यू मारू'. ट्यूना पकडणारी लाकडी बोट, १ मार्च १९५४ ला बिकिनी बेटाजवळ असताना अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची पांढरी राख तिच्यावर पडली. २३ खलाशी होते. रेडिओ सांभाळणारे कुबोयामा २३ सप्टेंबरला गेले आणि सिनेमा आला ३ नोव्हेंबरला. सिनेमाच्या सुरुवातीला डेकवर बसलेले खलाशी, अचानक लखलखाट, बोट पेटते: प्रेक्षकांना कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

बोट पुढे बरीच वर्षं मत्स्य विद्यापीठाच्या कामात होती, मग भंगारात निघून युमेनोशिमाच्या कचराभरावाजवळ पडून राहिली. लोकांनी ओरड करून वाचवली, १९७६ ला भोवती इमारत बांधली. आत शिरलात की एकदम बोटीचं नाकच समोर येतं, खालून वर बघावं लागतं, आणि तुळयांवर रंगाचे थर दिसतात. प्रवेश फुकट. शिन-किबा स्टेशनवरून चालत दहाएक मिनिटं. आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतोच, मग ते गॉडझिलावाले असोत वा नसोत.

घाटावरची
खरं शूटिंग बघायचं असेल तर तोबा, मिए प्रांतात. सिनेमातलं ओदो बेट काल्पनिक आहे, पण ती दृश्यं दिग्दर्शक इशिरो होंडांनी तोबाकडच्या किनाऱ्यावर घेतली, मुख्यतः इजिका गावात. आम्ही इसेच्या देवळाला गेलो होतो, तिथून पुढे गेलो. नागोयाहून किंतेत्सुच्या एक्स्प्रेसने तोबा दीड-पावणेदोन तास, पुढे बस. बस कमी आहेत, परतीची वेळ आधी टिपून ठेवा, नाहीतर बसथांब्यावर समुद्र बघत बसाल (तेही वाईट नाही म्हणा).

गाव म्हणजे उतारावर एकावर एक चढलेली घरं, खाली बंदर, जाळी वाळत घातलेली. मासेमारी आणि आमा, म्हणजे बुडी मारून शिंपले-गोगलगायी काढणाऱ्या बायका. गल्ल्या इतक्या अरुंद आणि चढाच्या की टेकडीकडे पळणारी गर्दी धापा का टाकत होती ते दोन वळणांत कळतं. पाटी, पुतळा, तिकीट असल्या अपेक्षेने जाऊ नका. लोक राहतात तिथे, कुणाच्या दारात कॅमेरा रोखू नका. भाच्याने फोनवर ते दृश्य उघडून समोरच्या डोंगराच्या कडेला धरून बघावं, तेवढ्यासाठीच जायचं.

जेवणाचं बोरकूट, तुमचं कठीण आहे. सगळीकडे मासे, आणि भाजीच्या रश्श्यातही बोनिटो माशाचा अर्क (दाशी). तोबाला जाताना दशम्या, मेतकूट आणि भाताचं पाकीट जवळ ठेवा. हॉटेलला आधी कळवलं तर करतात काही ना काही.

पाणउतारा
क्युशू बेटाबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. रोडान (१९५६, जपानीत रादोन) हा तोहोचा पहिला रंगीत राक्षसपट. त्यात नागासाकी प्रांतातला साइकाई पूल तुटतो. तो पूल तेव्हा जेमतेम वर्षभराचा होता, १९५५ ला खुला झालेला. आजही उभा आहे, खाली सामुद्रधुनीत भोवरे फिरतात, शेजारी २००६ चा नवा पूल आहे, त्यावरून चालत जाऊन जुन्या कमानीकडे बघता येतं. फुकुओकात तेन्जिनला पंखांच्या वाऱ्याने उडालेलं इवाताया दुकान, त्या इमारतीत आता पार्को आहे. शेवट आसो ज्वालामुखीवर. पण टोकियोहून हाकाताच बुलेट ट्रेनने पाच तास, आणि रेल्वे पास २०२३ मध्ये महागल्यापासून तो सरसकट परवडतही नाही. पहिल्याच खेपेला नको. भाचा कॉलेजात गेला की स्वतःच्या पैशाने जाईल.

हळदकुंकू
ओसाका-क्योटो करणार असाल तर: ओसाकाचा किल्ला १९५५ च्या दुसऱ्या गॉडझिला सिनेमात पडतो (मुळात तो मनोराच १९३१ चा काँक्रीटचा आहे). क्योटो स्टेशन १९९९ च्या तिसऱ्या गामेरात, शेवटची मारामारी तिथेच होते. स्टेशनचा तो लांबच लांब जिना चढून वर जा, ट्रेन पकडायच्या आधी तासभर काढला तरी पुरे. आणि क्योटोतच उझुमासाला दाइएई या (गामेरावाल्या) सिनेकंपनीच्या नावाच्या बाजारगल्लीत त्यांच्या दाइमाजिन या राक्षसाचा पुतळा आहे, वाण्याच्या दुकानाबाहेर नारळवाला बसावा तसा सुपरमार्केटपुढे उभा. दाइएईचा स्टुडिओ त्या भागात होता.

बोरकूट
बाप रे, मंडळी, धन्यवाद! भाच्याला वाचून दाखवलं. बोटीचं ऐकून गप्प झाला, मग म्हणाला आधी तिथे. तोबा नक्की, इसे जोडून. क्युशू बाद. अजून दोन प्रश्न: नव्या सिनेमांपैकी ('शिन गॉडझिला' त्याचा लाडका) टोकियोत काही सोपं आहे का? आणि मिहारा ज्वालामुखीचं त्याने डोक्यात घेतलंय, ते एका दिवसात होतं का?

रात्रपाळी
शिन गॉडझिलासाठी तामागावा स्टेशन, तोयोको मार्गावर. बाहेर पडलं की दोन-तीन मिनिटांवर टेकाडावर सेन्गेन देऊळ आहे. नदीकाठच्या लढाईत सैन्याचं ठाणं दाखवलंय ते हेच. देवळाच्या सज्जातून मारुको पूल आणि पलीकडे मुसाशी-कोसुगीचे टॉवर अगदी सिनेमातल्यासारखे समोर येतात, हवा स्वच्छ असेल तर फुजीही. देऊळ आहे, आरडाओरडा नको, एवढं त्याला सांगा. त्याच सिनेमात तो दुसऱ्यांदा येतो तो कामाकुराच्या किनाऱ्यावरून, तिथे तुम्ही बुद्धमूर्तीसाठी जाणार असालच.

संध्याकाळी शिंजुकूत महानगर सरकारच्या इमारतीत जा. १९९१ च्या सिनेमात गॉडझिलाची किंग घिदोरा या राक्षसाशी तिथेच जुंपते, इमारत तेव्हा नवी कोरी होती. २०२ मीटरवरून शहर बघायचं, तिकीट नाही. भिंतीवर रात्री प्रकाशाचे खेळ असतात, त्यात गॉडझिलाचाही आहे. कुठल्या दिवशी कुठला ते वेळापत्रकात बघा.

पाणउतारा
मिहारा म्हणजे इझु ओशिमा बेट. ताकेशिबा धक्क्यावरून जेटफॉइल पावणेदोन तास, सकाळी निघून संध्याकाळी परत होतं. १९८४ च्या सिनेमात गॉडझिलाला फसवून ह्याच्याच तोंडात पाडतात. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, मिहारा खरोखर फुटला, सगळं बेट रिकामं करावं लागलं. त्या लाव्हाचा एक सुळका थिजला तो हुबेहूब गॉडझिलाच्या आकाराचा, वरच्या पायवाटेवर दिसतो. लोक त्याला गॉडझिला खडकच म्हणतात. वारा सुटला तर बोट रद्द होते, म्हणून हा दिवस परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नका. वर सावली नाही, काळी वाळू बुटात जाते, चांगले बूट हवेत.

तळपती_इस्त्री
आणि ते डोकं?

निशिकासाईकर
डोकं बघा हो, महानगर इमारतीवरून परतताना वाटेतच आहे. सेइजोचा स्टुडिओ मात्र बाहेरूनच, आत सोडत नाहीत. फाटकाशी गॉडझिला आणि भिंतीवर मोठं चित्र, बास. ओदाक्यू मार्गाने जाणारच असाल तर उतरा, मुद्दाम नको.

बोरकूटताई, ३ नोव्हेंबरला तिकडे सार्वजनिक सुट्टी असते, गिंझा-हिबिया तुडुंब. हिबियात गॉडझिलाचा पुतळा आहे, त्याच्यापाशी फोटोसाठी रांग लागेल, तो दुसऱ्या दिवशी सकाळी करा. युमेनोशिमाची बोट सोमवारी बंद असते आणि सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी, तेव्हा तारखा लावताना कॅलेंडर समोर घ्या. बोट बघाल त्या दिवशी दुपारी आमच्याकडे या, निशि-कासाई तिथून लांब नाही. बाजारात कढीपत्ता, तूरडाळ, पोहे सगळं मिळतं, सौ. वरण-भात लावेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.