साखळी कथेत खो देताना धागा कसा टिकवायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सात जण मिळून एक साखळी कथा लिहितोय. एकाने भाग लिहायचा आणि पुढच्याला खो द्यायचा. ओळख सगळी ऑनलाइनच झालेली. मी कोल्हापुरात राजारामपुरीत, एक जण शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत शिफ्टला, एक ताई गारगोटीला शिक्षिका, बाकीचे पुणे, नागपूर, मस्कत असे पांगलेले. तीन भाग झालेत. चौथ्याला खो देण्याआधी काही गोष्टी पक्क्या करायच्या आहेत, कारण कथा खरंच चांगली जमतेय आणि ती अर्ध्यावर सुटू नये असं मनापासून वाटतंय.

कथा २०१९ च्या महापुरातली. कोल्हापूरजवळच्या चिखलीचे एक आजोबा गोठा सोडून यायला तयार नाहीत. नात कोल्हापुरात अडकलीय. पाणी गोठ्यात शिरतं त्या रात्री कुणीतरी म्हशींची दावी सोडतं, आणि आजोबा शपथेवर सांगतात, मी सोडली नाहीत. मग कुणी सोडली? कथेत एवढा एकच प्रश्न आहे. ज्यांनी तो पूर पाहिलाय त्यांना माहीत आहे, चिखली-आंबेवाडीत कितीतरी माणसं जनावरांपायी घर सोडत नव्हती.

सगळ्यात जास्त अडतंय ते तपशिलांवर. तिसऱ्या भागात आजोबांचा पुतण्या ७ ऑगस्टला सकाळी पुण्याहून गाडी काढतो आणि संध्याकाळी कोल्हापूरच्या ताराराणी चौकात चहा पितो. त्या दिवसांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी होतं, वाहतूक बंद होती, ट्रकच्या रांगा लागल्या होत्या. लिहिणाऱ्याला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं, तो तेव्हा इथे नव्हता. त्याला सांगितल्यावर त्याने पुतण्याला किणी टोलनाक्याच्या अलीकडेच अडकवला, आणि भाग कितीतरी चांगला झाला. आता तो फक्त फोनवर आहे, आजोबांचा फोन लागत नाही आणि नातीवर सगळा भार आलाय. खरी अडचण कथेला उपयोगीच पडते, हे मला त्यातून फार पटलं.

म्हणून एक वही सुरू केलीय, म्हणजे सगळ्यांना उघडता येईल अशी गूगल डॉक. तीत तारखा, कोण कुठे आहे, कुणाला काय माहीत आहे, आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी किती फुटांवर आहे ते लिहितोय. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पावसाळ्यात कोल्हापुरात प्रत्येक घरात हे आकडे बोलले जातात, त्यामुळे एका भागात पाणी उतरलं आणि पुढच्यात काही कारण नसताना चढलं तर इथला वाचक तिथेच थांबेल. पण वही फार भरली तर पुढच्या लेखकाचे हात बांधले जातील का? ती एकानेच सांभाळावी, की ज्याने भाग लिहिला त्यानेच खाली चार ओळी घालाव्यात?

मग बोलीचा प्रश्न. आमची नात 'मी येतो', 'मी सांगतो' असं बोलते. इकडे बायका-मुली घरात असंच बोलतात. नागपूरच्या मैत्रिणीला ती टायपिंगची चूक वाटली आणि तिने प्रेमाने सगळीकडे 'येते' करून टाकलं. आजोबांचं 'कुठं निघालाईस?' सुद्धा दुसऱ्या भागात 'कुठे निघाला आहेस?' झालं आणि ते एकदम परकेच वाटायला लागले. निवेदन ज्याने त्याने आपल्या भाषेत करावं, त्यात मजाच आहे. पण संवादांवरून गारगोटीच्या ताईंनी आणि मी एकदा हात फिरवावा असं वाटतंय. थेट बदल करायचे नाहीत, नुसत्या सूचना टाकायच्या आणि स्वीकारायच्या की नाही ते लेखकाने ठरवायचं. तुमच्याकडे असं केल्यावर कुणी दुखावलं होतं का?

शेवटाची मला सगळ्यात जास्त काळजी आहे. १९३१ साली इंग्लंडच्या डिटेक्शन क्लबच्या लेखकांनी, त्यात अगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्सही होत्या, मिळून एक रहस्यकथा लिहिली होती. नियम असा, की मनात पक्कं उत्तर धरूनच आपलं प्रकरण लिहायचं, मागच्यांनी करून ठेवलेल्या अडचणी टाळायच्या नाहीत आणि आपलं उत्तर लिहून द्यायचं. नंतर ती उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलीही. मला हे फार आवडतं, कारण नाहीतर कोडी वाढवायला सगळे आणि सोडवायला शेवटचा एकटा. आम्ही असं ठरवतोय की प्रत्येकाने 'दावी कुणी सोडली' याचं आपलं उत्तर मस्कतच्या मित्राला मेलवर पाठवायचं. तो स्वतः भाग लिहून मोकळा झालाय आणि पुढे लिहिणार नाही. शेवटचा भाग कुणी लिहायचा ते चिठ्ठी टाकून. पण सात जणांच्या मनात सात उत्तरं असली तर कथा सात दिशांना ओढली जाईल का? की एकच उत्तर आधीच ठरवून घ्यावं? मग खो देण्यातली उत्सुकता राहते का?

वेळेचं थोडक्यात: भागाला साधारण ५०० शब्द आणि चार दिवस. शिफ्टमुळे कुणाला जमलं नाही तर पुढच्याने खो घ्यायचा आणि राहिलेल्याने नंतर यायचं, असं सगळ्यांना मान्य आहे.

रविवारी रात्री चौथा खो द्यायचाय. ज्यांनी अशी कथा शेवटापर्यंत नेलीय त्यांनी निदान उत्तरांच्या प्रश्नाबद्दल तरी नक्की लिहा. वहीचा नमुना कुणाला बघायचा असेल तर सांगा, इथेच टाकते.