‘प्रिपॉस्टरस’ला मराठीत काय म्हणाल?

आडवाट: एका लेखाचा अनुवाद करतेय. ‘प्रिपॉस्टरस आरोप’ला मी ‘हास्यास्पद आरोप’ लिहिलं. संपादकांनी खोडलं. म्हणे, बोलणारा संतापलाय, त्याला कुठे हसू येतंय? पटलं. पण मग काय लिहू? ‘बिनबुडाचा’ नको, त्यात पुरावा नाही एवढंच येतं. इथे आरोप ऐकूनच कपाळाला हात लावायची वेळ.

टीपकागद: मूळ लॅटिन. ‘प्राए’ म्हणजे आधी, ‘पोस्टेरुस’ म्हणजे मागून येणारा. मागचं पुढे, पुढचं मागे. आपला ‘उफराटा’च की!

खडूस: व्युत्पत्तीवरूनच अनुवाद करायचा तर ‘अ‍ॅब्सर्ड’ला ‘बेसूर’ म्हणा, लॅटिनात तोच अर्थ होता. ‘उफराटा आरोप’ वाचून मला चोराच्या उलट्या बोंबा आठवतील.

पाढेवाला: ‘अ‍ॅब्सर्ड’मधला ‘सर्ड’ म्हणजे गणितातली करणी, बरं का! √२ सारख्या संख्यांना ग्रीक ‘अलोगोस’ म्हणायचे. लोगोस म्हणजे गुणोत्तरही आणि बोलणंही. अरबीत त्याचं ‘असम्म’ झालं, म्हणजे बहिरा, आणि त्याचंच लॅटिन भाषांतर ‘सुर्दुस’. बिचारी संख्या आधी मुकी, मग बहिरी. आमच्या सरांनी फळ्यावर ‘करणी’ लिहिलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, ‘कोणी केली?’

आडवाट: मस्त! पण माझा आरोप राहिला.

बोलघेवडी: ‘काहीच्या बाही आरोप’. आजी कायम म्हणायची.

खडूस: छापील मजकुरात आजी नको. ‘अचाट’ लिहा.

टीपकागद: अचाटमध्ये कौतुक डोकावतं. अचाट धाडस म्हणतोच ना आपण.

बोलघेवडी: मग ‘अगोचर’?

खडूस: अगोचर म्हणजे इंद्रियांना न कळणारं. चुकीचा वापर रुळला म्हणून बरोबर ठरत नाही.

बोलघेवडी: ‘अगोचर कार्टं’ म्हटल्यावर तुमच्याकडे कार्टं दिसेनासं होतं का? आमच्याकडे तर ते नको तिथेच दिसतं.

पाढेवाला: बाकी √४ ही करणी नव्हे, ती सरळ २. नाहीतर कुणी विचारेल.

आडवाट: कुणीही विचारलं नव्हतं :) असो, संपादकांनी ‘धादांत खोटा’ केलं आणि लेख छापायला गेला.

खडूस: अरेरे! खोटं असणं वेगळं, उफराटं असणं वेगळं.

टीपकागद: म्हणजे ‘उफराटं’ चाललं तर तुम्हाला!